इशारा दिसला पाहिजे

गाडीचा इंडिकेटर मिनिटाला कमीत कमी 60 आणि जास्तीत जास्त 120 वेळा लुकलुकला पाहिजे, असा नियम आहे. बहुतेक कंपन्या मधला आकडा धरतात, 90 च्या आसपास. हे आकडे विचार करून ठरवलेले आहेत. मागून येणाऱ्याची नजर आपल्या दिव्यावर खिळून राहिलेली नसते. तो आरशात बघतो, स्पीडोमीटर बघतो, कडेने घुसणाऱ्या स्कूटरकडे बघतो आणि अधूनमधून आपल्या गाडीकडे. दिवा फार सावकाश लुकलुकला, तर त्याची नजर नेमकी दिवा विझलेल्या क्षणी पडते आणि निघून जाते. फार भरभर लुकलुकला, तर बल्बची तार पुरती तापायच्या किंवा पुरती निवायच्या आत पुढची उघडझाप सुरू होते आणि दिवा सतत लागलेला असल्याचा भास होऊ लागतो.

गाडीवरच्या सगळ्या दिव्यांत इंडिकेटरचे काम वेगळे आहे. हेडलाइट आपल्याला रस्ता दाखवतो, टेललाइट आपण कुठे आहोत ते सांगतो, ब्रेक लाइट आत्ता काय घडते आहे ते सांगतो. पुढे काय घडणार आहे, हे फक्त इंडिकेटर सांगतो, आणि तेही अनोळखी माणसाला, त्याने काही विचारायच्या आत. गेल्या वीसेक वर्षांत गाड्यांचे दिवे झपाट्याने बदलले. एलईडी आले, दिवसा लागणारे दिवे आले, जाड चौकोनी काचांच्या जागी बारीक रेषा आल्या. प्रकाश वाढला, वीज वाचली, गाड्या देखण्या झाल्या. पण याच काळात अनेक गाड्यांचा इंडिकेटर ओळखू येणे आधीपेक्षा अवघड झाले.

सुरुवातीला हे काम हाताने व्हायचे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवीकडे वळताना उजवा हात खिडकीबाहेर आडवा काढायचा, आणि डावीकडे वळताना तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा. हे इशारे आजही वाहतूक नियमांच्या पुस्तकात आहेत. पुढे युरोपात गाडीच्या दारामागच्या खांबातून बाहेर येणारा छोटा उजळ हात आला. रेल्वेच्या जुन्या सिग्नलसारखा तो बटण दाबले की उचलला जायचा. ब्रिटनमध्ये त्याला ट्रॅफिकेटर म्हणत. मॉरिस मायनरवर तो 1961 पर्यंत टिकला, फोक्सवॅगनच्या बीटलवर युरोपात 1960 पर्यंत. त्याचा एक गुण मानावा लागेल: तो ज्या बाजूला निघेल तीच वळायची बाजू, यात गोंधळाला जागा नव्हती. पण तो अडकायचा, मोडायचा आणि रहदारीत कोणाच्या लक्षातही येत नसे. अमेरिकेत ब्यूइकने 1939 च्या गाड्यांवर मागच्या बाजूला लुकलुकणारे दिवे बसवले, पुढच्या वर्षी ते पुढेही आले, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंगबरोबर आपोआप बंद होण्याची सोयही आली. लुकलुकणे जिंकले, कारण नजरेच्या कडेला काहीतरी हलले किंवा उघडझाप झाली की माणसाचे लक्ष आपसूक तिकडे जाते. स्थिर दिव्याकडे तसे जात नाही.

ही उघडझाप करणारा जुना फ्लॅशर अगदी साधा होता. दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी विजेने तापून वाकायची आणि जोडणी तुटायची, थंड झाली की सरळ व्हायची आणि जोडणी परत व्हायची. ती टिकटिक याच पट्टीची. एक बल्ब उडाला की विजेचा भार घटायचा आणि बऱ्याच फ्लॅशरमध्ये टिकटिकीचा वेग बिघडायचा. चालकाला गाडीतून न उतरता कळायचे की कुठला तरी बल्ब गेला. आजच्या गाडीत ही पट्टी नाही. उघडझाप इलेक्ट्रॉनिक सर्किट करते, आणि टिकटिक पुष्कळ गाड्यांत स्पीकरमधून ऐकवली जाते. जुन्या गाडीत बाहेरून आणलेले एलईडी बल्ब बसवले की इंडिकेटर वेड्यासारखा भरभर चालतो, त्याचे कारणही तेच: 21 वॉटच्या बल्बच्या जागी दोन-चार वॉटचा एलईडी आला, भार घटला, आणि सर्किटला वाटले बल्ब उडाला.

रंगाबद्दल जगात आजही एकमत नाही. युरोपात आणि आपल्याकडे इंडिकेटर पिवळसर नारिंगीच असावा लागतो. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो, त्यामुळे तिथल्या कितीतरी गाड्यांत टेललाइट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर ही तिन्ही कामे एकच लाल दिवा करतो. कंपनीचा एक दिवा, एक काच, एक जोडणी वाचते. पण मागच्याला काय दिसते ते बघा. पुढच्या गाडीचा एक कोपरा दुसऱ्या वाहनाने झाकलेला आहे आणि उरलेल्या कोपऱ्यात लाल दिवा लागून विझतो आहे. ती गाडी वळते आहे की तिचा चालक ब्रेक दाबून सोडतो आहे? पहिल्या उघडझापेत ते कळूच शकत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने 2009 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मॉडेलच्या गाड्यांचा मागचा इंडिकेटर लालऐवजी पिवळा किंवा पिवळ्याऐवजी लाल झाला, तेव्हा अपघातांचे काय झाले, हे त्यात तपासले होते. वळताना किंवा लेन बदलताना मागून धडक बसण्याचे प्रमाण पिवळ्या दिव्यांनी सुमारे 5.3 टक्क्यांनी घटलेले आढळले. केवळ रंग बदलून एवढा फरक पडत असूनही लाल इंडिकेटरची मुभा तिथे कायम आहे. हे मला पटत नाही.

एलईडीने मात्र खरोखर मोठे काम केले आहे, आणि ते आधी सांगितले पाहिजे. बल्बच्या तारेला विजेचा झटका मिळाल्यापासून ती पुरती उजळेपर्यंत सुमारे 0.2 सेकंद जातो. एलईडीला मायक्रोसेकंद पुरतात. 0.2 सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो, पण ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्या वेळात साडेपाच मीटर जाते. महामार्गावर पुढच्याने ब्रेक दाबला आणि मागच्याला ते साडेपाच मीटर आधी कळले, तर पुष्कळदा धडक टळते. एलईडी वर्षानुवर्षे टिकतो, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी त्याची तार तुटत नाही, कारण त्याला तारच नाही. काठही धारदार मिळतात: लागला की लगेच लागला, विझला की लगेच विझला. इंडिकेटरला हाच गुण हवा होता.

अडचण सुरू झाली ती एलईडीमुळे डिझाइनरला मिळालेल्या मोकळिकीतून. बल्बला मागे वाटीसारखा परावर्तक लागायचा, उष्णतेसाठी जागा लागायची, म्हणून दिवा मोठा असायचा. एलईडीची ओळ बोटभर जाडीच्या फटीत बसते, वाकवता येते, हवा तो आकार देता येतो. मग दिवा ही कंपनीची ओळख झाली. रात्री दुरून नुसत्या प्रकाशरेषेवरून गाडी कोणत्या कंपनीची आहे हे कळावे, अशी स्पर्धा लागली. त्या स्पर्धेला सगळ्यात मोठे मैदान मिळाले ते दिवसा लागणाऱ्या दिव्यांमुळे, म्हणजे डीआरएलमुळे.

डीआरएल जन्माला आले ते उत्तरेकडच्या देशांत. तिथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला चिकटून असतो, दुपारी तीनलाच संधिप्रकाश पडतो. फिनलंडने 1972 मध्ये हिवाळ्यात शहराबाहेरच्या रस्त्यांवर दिवसाही दिवे लावणे सक्तीचे केले, स्वीडनने 1977 मध्ये वर्षभरासाठी केले. पुढे नॉर्वे आणि डेन्मार्क आले, कॅनडाने 1989 च्या डिसेंबरपासून नव्या गाड्यांवर असे दिवे आवश्यक केले. युरोपीय संघाने 7 फेब्रुवारी 2011 पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना आणि 2012 च्या ऑगस्टपासून ट्रक-बसच्या नव्या मॉडेलांना ते सक्तीचे केले. ऑडीने 2004 मध्ये आपल्या ए8 डब्ल्यू12 या गाडीवर एलईडीचे डीआरएल दिले होते, ते बघता बघता सगळ्या जगात पसरले.

सगळीकडे त्यांचे स्वागत झाले असे नाही. ऑस्ट्रियाने 2005 च्या नोव्हेंबरात दिवसा हेडलाइट लावण्याची सक्ती केली आणि 2008 च्या सुरुवातीला ती मागे घेतली. अमेरिकेतल्या 2008 च्या सरकारी अहवालाला मोटारींच्या बहुतेक प्रकारच्या अपघातांत डीआरएलमुळे ठळक फरक पडलेला दिसला नाही. ऑस्ट्रियात एक आक्षेप असा होता की सगळ्याच मोटारी उजळल्या तर मोटारसायकलस्वार, सायकलवाले आणि पायी चालणारे त्या झगमगाटात हरवतात. आपल्यासारख्या दुचाकींच्या देशात हा मुद्दा फार मोलाचा आहे. भारतात 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच लागतो, तो बंद करायचे बटणच नसते. दुचाकी अरुंद असते, मोटारीच्या खांबाआड सहज दडते, म्हणून तिला ही दृश्यमानता दिली गेली. समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटारीला चार हातांची पांढरीशुभ्र पट्टी लावली की दुचाकीला मिळालेला तो फायदा कमी होतो.

आता डीआरएल आणि इंडिकेटर एकमेकांशेजारी आले की काय होते ते बघू.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार, आणि आपली वाहन-मानकेही बऱ्याच अंशी त्याच धर्तीवर आहेत, एका डीआरएलची समोरची तीव्रता किमान 400 आणि कमाल 1200 कॅन्डेला असते. एक कॅन्डेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीइतका प्रकाश. समोरच्या इंडिकेटरला मात्र किमान 175 कॅन्डेला पुरतात. तो हेडलाइटच्या डिपर झोताच्या दिव्याजवळ असेल तर अट कडक होते: 40 मिलिमीटरपेक्षा जवळ असेल तर किमान 250, आणि 20 मिलिमीटरच्या आत असेल तर किमान 400. म्हणजे तेजस्वी दिव्याशेजारी इंडिकेटर झाकोळतो, हे नियम करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. पण ही वाढती पायरी मोजली जाते ती हेडलाइट आणि फॉग लॅम्पपासून. डीआरएलसाठी तरतूद निराळी आहे. तोच दिवा पांढरा डीआरएल आणि पिवळा इंडिकेटर अशी दोन्ही कामे करत असेल, तर इंडिकेटर चालू असेपर्यंत त्या बाजूचा डीआरएल बंद राहिलाच पाहिजे. दोन्ही दिवे वेगळे पण 40 मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असतील, तर त्या बाजूचा डीआरएल विझवण्याची किंवा मंद करण्याची मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही. कागदोपत्री 1200 कॅन्डेलाच्या पांढऱ्या दिव्याला खेटून 175 कॅन्डेलाचा पिवळा दिवा बसू शकतो. जवळजवळ सातपट फरक.

डोळ्याच्या बाजूने हिशेब केला तर चित्र आणखी स्पष्ट होते. चांगली नजर असलेल्या माणसाला अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखता येते. 100 मीटरवर ते सुमारे 3 सेंटिमीटर भरते. म्हणजे 4 सेंटिमीटर अंतरावरचे दोन दिवे 140 मीटरवरून बघणाऱ्याला एकाच ठिपक्यासारखे दिसतात, आणि त्या ठिपक्यात पांढरा सातपट असेल तर पिवळा त्यात विरून जातो. चष्मा जुना झालेला, समोरची काच धुळकट, पावसाचे थेंब, की हे अंतर आणखी कमी होते. शिवाय तेजस्वी दिव्याचा थोडा प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि आसपासच्या भागावर पातळ पडदा पसरवतो. वय वाढेल तसा डोळ्यातला हा विखुरलेला प्रकाश वाढतो. सत्तरीच्या पादचाऱ्याला रस्ता ओलांडताना समोरची मोटार वळणार आहे की सरळ येणार आहे हे न कळणे, यात त्याच्या लक्ष नसण्याचा भाग थोडा आणि दिव्याच्या जागेचा भाग फार मोठा असतो.

अमेरिकेचा नियम इथे बरा आहे. तिथे डीआरएल इंडिकेटरपासून 100 मिलिमीटरच्या आत असेल, तर काही पर्याय दिलेले आहेत: एक तर इंडिकेटर मूळ अटीच्या अडीचपट तेजस्वी करा, किंवा इंडिकेटर चालू असताना डीआरएल बंद करा, किंवा डीआरएलची तीव्रता मर्यादेत ठेवा. ती मर्यादा सैल आहे खरी, पण निदान प्रश्न मान्य केलेला आहे.

चांगली उदाहरणेही आहेत, आणि ती महागड्या गाड्यांपुरती नाहीत. व्होल्वोने 2015 च्या एक्ससी90 पासून आडव्या टी आकाराचा डीआरएल आणला. इंडिकेटर दिला की तीच आकृती पांढऱ्याची पिवळी होते, शेजारी पांढरे काही उरत नाही. पुण्यात पिंपरीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या टाटा हॅरिअरच्या 2019 च्या पहिल्या मॉडेलवर बोनेटच्या कडेची पट्टी असेच दुहेरी काम करते, आणि हेडलाइट तिच्यापासून दूर खाली बंपरमध्ये आहेत. भर दुपारी समोरून येणारी अशी गाडी वळणार असेल तर एक बाजू पांढरी आणि दुसरी बाजू पिवळी लुकलुकताना दिसते. दोन बाजूंमधला हा फरक लुकलुकण्याआधीच नजरेत भरतो. एवढे साधे सर्किट प्रत्येक गाडीत का नसावे?

मागच्या बाजूचा प्रश्न वेगळा आहे, उंचीचा. ब्रेक लाइटच्या बाबतीत हा धडा जगाने पन्नास वर्षांपूर्वी घेतला होता. जॉन वोएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॅक्सींवर मागे मध्यभागी जादा ब्रेक लाइट बसवून प्रयोग केला आणि मागून होणाऱ्या धडका लक्षणीय घटल्या. त्यानंतरच्या चाचण्यांवरून अमेरिकेने 1986 च्या मोटारींपासून मागच्या काचेच्या पातळीवर तिसरा ब्रेक लाइट सक्तीचा केला. नवलाई ओसरल्यानंतरही मागून होणाऱ्या धडकांत 4.3 टक्क्यांची घट टिकून राहिली. दिवा नजरेच्या पातळीला असला की एकामागच्या एका गाडीच्या काचांतूनही तो दिसतो, हे त्याचे मुख्य कारण.

असे असताना कितीतरी नव्या एसयूव्हींचा मागचा इंडिकेटर खाली बंपरमध्ये गेला आहे. किया स्पोर्टेजच्या दोन पिढ्यांनी हेच केले, आणि तिच्यासारख्या पुष्कळ गाड्या आहेत. वर बारीक लाल रेषा, ती देखणी दिसावी म्हणून मोकळी ठेवलेली, आणि इंडिकेटर, रिव्हर्स लाइट, फॉग लॅम्प हे सगळे खाली. काही गाड्यांत टेललाइट डिकीच्या दारावर असतो, आणि दार उघडल्यावरही मागच्याला दिवे दिसले पाहिजेत अशी अट असल्यामुळे बंपरमध्ये दिवे द्यावेच लागतात. ऑडी क्यू7 ने त्यावर नीट उपाय केला: नेहमीचे दिवे वर दारावर, आणि दार उघडले की बंपरमधले जादा दिवे आपोआप लागतात. इतरांनी मात्र सोपा मार्ग धरला आणि इंडिकेटर कायमचा खाली नेला. नियमाला ते चालते, कारण जमिनीपासून 350 मिलिमीटर, म्हणजे फूटभर उंची त्याला पुरते.

आपल्या रहदारीत ते चालत नाही. ढोबळ हिशेब करू. मोटारीत बसलेल्या चालकाचा डोळा जमिनीपासून सव्वा मीटरवर, त्याच्या बोनेटची पुढची कड डोळ्यापासून दोन मीटर पुढे आणि पाऊण-एक मीटर उंच. पुढच्या गाडीच्या बंपरमधला अर्ध्या मीटरवरचा दिवा दिसायला दोन्ही गाड्यांमध्ये दोन मीटरच्या आसपास मोकळी जागा हवी, मागची गाडी एसयूव्ही असेल तर त्याहून जास्त. सिंहगड रोडवर किंवा सायन-पनवेल महामार्गाच्या तोंडाशी दोन गाड्यांत तेवढी जागा कधी असते? मधे एक रिक्षा आणि दोन स्कूटर असतात. पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल सगळ्यात आधी याच उंचीवर बसतो. आणि पार्किंगमध्ये बंपरला धक्का लागला की पहिला बळी इंडिकेटरचा. पूर्वी पाच मिनिटांत बल्ब बदलायचा, आता पुष्कळदा बंद डब्यासारखा अख्खा दिवा बदलावा लागतो. खर्च जास्त, म्हणून तो तसाच फुटका ठेवून गाडी महिनोन् महिने फिरते.

दिव्याच्या आकारानेही कधी उलटा अर्थ पोचतो. मिनी या ब्रिटिश गाडीने 2018 मध्ये मागच्या दिव्यांत ब्रिटनच्या झेंड्याची आकृती आणली, अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे. त्यामुळे डावा दिवा लागला की त्यातली आकृती उजवीकडे रोखलेल्या बाणासारखी दिसते. कुठली बाजू लुकलुकते आहे हे माहीत असलेल्याला अडचण येत नाही, पण गर्दीत त्या गाडीचा एकच कोपरा दिसत असेल तर डोळा आधी बाण वाचतो. दिवा ही भाषा आहे असे मानणाऱ्या डिझाइनरच्या हातून असे व्हायला नको होते.

याउलट धावत्या इंडिकेटरबद्दल माझे मत चांगले आहे. प्रकाश आतून बाहेर सरकत जातो, ती ही पद्धत. फोर्डने थंडरबर्डच्या 1965 च्या मॉडेलवर ती प्रथम आणली, ऑडीने 2012 मध्ये आर8 वर तिला एलईडीच्या रूपात परत आणले. नियमाने तिला नेटके बांधले आहे: सरकणे आतून बाहेरच्या दिशेनेच व्हायला हवे, 0.2 सेकंदात पूर्ण व्हायला हवे आणि मग सगळी पट्टी लागलेली राहायला हवी. एकच बाजू दिसत असली तरी दिशा कळते. पट्टी पुरेशी लांब आणि तेजस्वी असेल तर ही सजावट उपयोगाचीच ठरते. बोटभर लांबीच्या पट्टीत मात्र सरकणे दुरून दिसतच नाही.

डीआरएलची आणखी एक गंभीर गोष्ट सांगायची राहिली. बऱ्याच गाड्यांत डीआरएल लागतात ते फक्त पुढे. मागे अंधार असतो. पूर्वी संध्याकाळ झाली की डॅशबोर्ड काळा पडायचा, काटे दिसेनासे व्हायचे, आणि चालक हात पुढे करून दिवे लावायचा. आता डॅशबोर्ड म्हणजे सतत उजळलेला पडदा. पुढे रस्त्यावर थोडा उजेड पडलेला, समोर पडदा झळाळतो आहे. चालकाला वाटते दिवे लागलेले आहेत. मागून येणाऱ्याला मात्र अंधारात एक काळा ठोकळा दिसतो, तोही अगदी जवळ आल्यावर. कॅनडाने यावर नेमका इलाज केला. सप्टेंबर 2021 पासून तिथल्या नव्या गाड्यांना तीन पर्याय आहेत: डीआरएलबरोबर टेललाइटही लावा, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लावा, किंवा दिवे लावेपर्यंत डॅशबोर्ड अंधारा ठेवा. ज्यांच्या गाडीत स्वयंचलित दिव्यांचे बटण आहे त्यांनी ते कायम ‘ऑटो’ वर ठेवावे. ज्यांच्या गाडीत नाही, त्यांनी सूर्य मावळला की हाताने दिवे लावायची जुनी सवय सोडू नये.

पावसात आणि धुक्यातही नुसत्या डीआरएलवर भागत नाही, कारण मागचे दिवे लागायला हवेत. आपल्याकडे लोक त्याऐवजी चारही इंडिकेटर लावतात, ज्यांना बोलताना आपण पार्किंग लाइट म्हणतो. खंडाळ्याच्या घाटात जोराचा पाऊस आला की निम्म्या गाड्या चारही बाजूंनी लुकलुकत चालतात. हेतू चांगला आहे, आपण दिसावे हाच आहे. पण चारही इंडिकेटर लागले की वळण्याचा इशारा देण्याचे साधनच उरत नाही. शिवाय मागच्याला त्या गाडीचा एकच कोपरा दिसत असेल तर ती लेन बदलते आहे असे वाटते, आणि पुढे खरोखर बंद पडलेली गाडी उभी असेल तर ती चालत्या गाड्यांतून वेगळी ओळखू येत नाही. चौकात सरळ जायचे आहे हे सांगायला चारही इंडिकेटर लावणारे तर आणखी धोका पत्करतात. सरळ जाणाऱ्याने कुठलाच इंडिकेटर द्यायचा नसतो. चारही दिवे उभ्या गाडीसाठी आहेत.

महामार्गावरची अजून एक रूढी जिवावर बेतणारी आहे. पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो, तेव्हा त्याला म्हणायचे असते की मी उजवीकडे येतो आहे. पण काही चालक तोच उजवा इंडिकेटर मागच्याला साइड देण्यासाठी वापरतात, पूर्वी हात हलवून पुढे जा म्हणायचे त्याच्या जागी. एकच दिवा, आणि अर्थ अगदी उलट. उजवा इंडिकेटर दिसला की तो उजवीकडेच येणार असे धरून चालावे, ओव्हरटेक करू नये. तो चालक चांगल्या मनाने साइड देत असला तरी पुढून येणाऱ्या गाडीबद्दलचा त्याचा अंदाज आपण आपल्या जिवावर का मानावा?

मी या विषयाकडे बघतो तेव्हा एका गोष्टीचा मला राग येतो. दिव्यांची चाचणी प्रयोगशाळेत होते, अंधाऱ्या खोलीत, एकेका दिव्याची, ठरलेल्या कोनातून, नवी कोरी काच असताना. त्यात तो पास होतो. रस्त्यावर तो दिवा दुपारच्या उन्हात, शेजारी पांढरा डीआरएल लागलेला असताना, धुळीने माखलेला, अर्धा झाकलेला असतो. उन्हात दिव्याच्या काचेवर आकाशाचा प्रकाश परावर्तित होतो, आणि चकचकीत चंदेरी आतील भाग असेल तर विझलेला दिवाही लागल्यासारखा चमकतो. म्हणून काही दिव्यांच्या आत काळा रंग वापरतात, तो शोभेपेक्षा उपयोगाचा आहे. पण बाहेरून काळी फिल्म चिकटवणे हा वेगळा प्रकार. ती इंडिकेटरचा प्रकाश थेट खाते, आणि कायद्यालाही मान्य नाही.

नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूमच्या उजेडात दिव्यांची शोभा बघून समाधान मानू नका. गाडी भर दुपारी बाहेर उन्हात उभी करायला सांगा. डीआरएल चालू ठेवून डावा आणि उजवा इंडिकेटर द्यायला लावा, आणि स्वतः साठ-सत्तर पावले चालत पुढे जाऊन मागे वळून बघा. मग तेवढेच मागच्या बाजूने बघा, एकदा उभे राहून आणि एकदा स्कूटरवर बसल्याच्या उंचीवर वाकून. पहिल्या दोन उघडझापांत वळायची बाजू कळली नाही, तर ती गाडी कितीही देखणी असली तरी विक्रेत्याला तसे स्पष्ट सांगा, आणि सर्व्हिस सेंटरच्या अभिप्रायाच्या कागदावर लिहा. ग्राहक मायलेज विचारतात म्हणून कंपन्या मायलेज सुधारतात. इंडिकेटर दिसतो का, हेही विचारायला लागा.